गोमाजींची वृत्तचिती

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली भंडाऱ्यात मी पितळेची घनता शोधून काढली. ती साडेसात आली. माझ्याआधी जगात सगळीकडे ती साधारण आठ पूर्णांक चार होती आणि माझ्यानंतरही तेवढीच राहिली. मधले अकरा दिवस मात्र ती साडेसात होती, आणि त्याच अकरा दिवसांत गोमाजी ओताऱ्यांची भट्टी थंड पडली होती. माझ्या हातून विज्ञानाची जी काही सेवा घडली ती एवढीच.

गोमाजींना ओळखत नाही असं भांडीबाजारात तेव्हा कोणी नव्हतं. बुटका, काटक माणूस. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर. भुवया नव्हत्या. पंचेचाळीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी बसल्यावर त्या कंटाळून उगवायच्याच थांबल्या होत्या, त्यामुळे चेहरा कायम नुकतंच काही नवल ऐकल्यासारखा दिसायचा. प्रत्यक्षात त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. धातू दिसला की बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि कान द्यायचा, एवढाच त्यांचा शौक. एसटीत बसले तर समोरच्या दांडीवर टिचकी. लग्नात जेवायला बसले तर आधी ताटावर टिचकी, मग वरण. एकदा माझ्या घरी चहाला आले तेव्हा बायकोनं मोठ्या कौतुकानं नवा स्टीलचा पेला पुढे केला. गोमाजींनी टिचकी मारली, ऐकलं, आणि बेसूर गाणाऱ्याकडे पाहावं तसं त्या पेल्याकडे पाहिलं. चहा प्याले, पण मान दुसरीकडे करून.

काम ते आणि सत्यभामाबाई, त्यांची बायको, असे दोघंच करत. ओतणं गोमाजींचं. मग ओतलेली वस्तू लाकडी चरकावर चढवायची, सत्यभामाबाईंनी चामड्याचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून चरक फिरवायचा आणि गोमाजींनी पोलादी हत्यार लावून ती गुळगुळीत करायची. पट्टा ओढता ओढता बाई नवऱ्याला, चरकाला आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला बोलत असत. पट्टा थांबला तरच तोंड थांबे.

बाजारातली पद्धत अशी होती. व्यापारी जुनी फुटकी भांडी, म्हणजे मोड, वजन करून ओताऱ्याकडे द्यायचा. ओतारी ती वितळवून नवी वस्तू करायचा आणि भट्टीत जळणारी ठरावीक घट सोडून तेवढंच वजन परत आणायचा. वजन काट्यावर दिसतं. पण आतला धातू तोच आहे, की मधल्या मध्ये त्यात स्वस्त जस्त ढकललंय, हे काट्याला कळत नाही. म्हणून ओताऱ्याची सगळी पुंजी म्हणजे त्याचं नाव. आणि व्यापाऱ्याच्या बाजूनं रीत अशी, की वजन करण्याआधी रिकामा काटा उचलून दाखवायचा. केशवराव शेठच्या दुकानात गोमाजी तीस वर्षं जात होते, तरी दर खेपेला पोतं उतरवण्याआधी म्हणायचे, "रिकामा काटा दाखवा जी." केशवरावही न चिडता दाखवायचे. मी एकदा हे पाहिलं आणि मला गंमत वाटली. तीस वर्षांच्या ओळखीत ही काय वागणूक, असं मी मनात म्हणालो. मी बी.एस्सी. होतो ना.

आमच्या शाळेला तेव्हा अकरावी-बारावीचे वर्ग नव्यानं जोडले गेले होते आणि प्रात्यक्षिकांसाठी जास्तीचं सामान हवं होतं. यादीत पहिलीच वस्तू, ‘पितळेची भरीव वृत्तचिती’. असलं सामान अंबाल्याहून मागवायची रीत होती. पण मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, पितळेच्या गावात बसून पितळेचा तुकडा अंबाल्याहून आणायचा? आधी गोमाजींकडून एक करून घ्या. जमली तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांना तिथूनच घ्यायला सांगतो."

मी सायकल काढली.

"गोमाजी, एक वृत्तचिती पाहिजे. भरीव."

"काय पाह्यजे?"

"वृत्तचिती. म्हणजे दोन्ही बाजूंना वर्तुळ आणि मध्ये..."

"बत्ता मना ना सरळ. बिनडोक्याचा बत्ता." मी मापं सांगितली, ती त्यांनी हातानंच दाखवून पाहिली. "अडीच सेंटिमीटर जाड, सहा लांब. अन् त्याचं करता काय तुमी? काही कुटता काय?"

"नाही. त्याची घनता काढायची. त्यावरून ती वस्तू कशाची आहे ते कळतं."

"ते मीच सांगतो ना. पितळेची."

पट्टा ओढता ओढता सत्यभामाबाई म्हणाल्या, "सांगून कायले राहिले? मास्तरले पोट्टे दिवसभर बसवून ठेवा लागतेत. त्यायले कायतरी काम पाह्यजे का नाही?"

आठवड्यानं वृत्तचिती आली. काय वस्तू होती! धरली की तळहाताला थंड, जड, आणि अशी घोटलेली की तिच्यात माझा चेहरा उभट दिसायचा. एका टोकावर गोमाजींचा ठसा होता, तीन ठिपके आणि खाली एक रेघ. गोमाजींनी माझ्यासमोर तिला टिचकी मारली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "घ्या. आता मोजा किती मोजाचं ते."

शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत बसलो. तराजूवर वजन केलं, दोनशे सत्तेचाळीस ग्रॅम. मग व्हर्नियर घेतला. हा म्हणजे पोलादाचा चिमटाच, दोन जबड्यांमध्ये वस्तू धरायची आणि कडेच्या पट्टीवर माप वाचायचं. व्यास दोन पूर्णांक बासष्ट आला, लांबी सहा पूर्णांक बारा. गोमाजींनी माप थोडं सढळ ठेवलेलं दिसतंय, असं मला वाटलं. दर वर्षी अर्धी मुलं या हिशोबात त्रिज्येच्या जागी व्यास घालतात आणि मी त्यांना बाकावर उभं करतो. मी व्यासाचा नीट अर्धा केला, वर्ग केला, बावीस सप्तमांशानं गुणलं, लांबीनं गुणलं. घनफळ तेहतीस. दोनशे सत्तेचाळीस भागिले तेहतीस. सात पूर्णांक अठ्ठेचाळीस.

पुन्हा केलं. सात पूर्णांक अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदाही तेच. माझं उत्तर तीनदा सारखं येणं ही माझ्या आयुष्यात इतकी दुर्मीळ गोष्ट होती, की ते चुकीचं असेल ही शंकाच आली नाही. आता पुस्तकात पाहा. पितळ, आठ पूर्णांक चार. जस्त, सात पूर्णांक एक.  साडेसात म्हणजे दोघांच्या मधलं. म्हणजे गोमाजींनी जस्त ढकललं!

खरं सांगतो, वाईट वाटण्याआधी मला आनंद झाला. पंचेचाळीस वर्षं सगळ्या बाजाराला जे कळलं नाही ते मी एका चिमट्यानं आणि एका पेन्सिलीनं पकडलं होतं. असा आनंद पोटात ठेवायला मोठं मन लागतं. माझं तेवढं नव्हतं. घरी जाताना केशवरावांच्या दुकानाशी सायकल आपोआप थांबली.

"काय मास्तर, आज लय खुशीत?"

"काही नाही हो. गोमाजींनी शाळेला एक वस्तू करून दिली, तिची घनता काढली. साडेसात आली."

"अन् किती पाह्यजे?"

"आठ पूर्णांक चार."

"कमी काहून आली?"

"आता... जस्त जास्त पडलं की कमी येते." हे मी हसत हसत, सहज म्हणून सांगितलं. जगातली निम्मी नासाडी अशी सहज म्हणूनच होत असावी.

केशवराव हसले नाहीत. कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानामागे ठेवली. मी घरी आलो आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दोन दिवसांनी केशवरावांचं मोडीचं पोतं गोमाजींकडे गेलं नाही. त्या आठवड्यात बाकीच्या दोन दुकानांचंही नाही. मी रोज त्याच गल्लीनं शाळेत जायचो. आधी धूर दिसेना, मग चरकाचा आवाज येईना, मग सत्यभामाबाईंचाही आवाज येईना. तेव्हा मात्र मी रस्ता बदलला. लांबून पडायचं, पण सायकलला व्यायाम चांगला होता.

दहाव्या दिवशी दुपारी ती दोघंच प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. आमचा शिपाई तुलाराम बाकं पुसत होता, तो फडकं घेऊन तसाच थांबला. गोमाजींच्या हातात लोखंड कापायची करवत होती. मी टेबलाच्या पलीकडे सरकलो.

"भेऊ नका जी मास्तर," गोमाजी म्हणाले. "तुमाले नाही कापत. तो बत्ता काढा. कापून पाहा आत काय हाये ते."

"गोमाजी, पोकळ आहे असं मी म्हटलंच नाही. मिसळण आहे असं... ते कापून दिसत नाही."

"मंग कायनं दिसते?"

"गणितानं."

गोमाजींनी करवत बाकावर ठेवली आणि खाली बसले. "पोतं बंद झालं मास्तर. तिन्ही दुकानाचं. माह्या बापाचा ठसा हाये त्याच्यावर, तीन ठिपके. त्यानं चाळीस वर्षं मारला, मी पंचेचाळीस. कोनी बोट नाही लावलं. आता पोट्टे गल्लीत मनून राहिले, जस्तवाले गोमाजी."

 बोलण्यासारखं होतं ते सगळं मी दहा दिवसांपूर्वी दुकानात बोलून बसलो होतो.

सत्यभामाबाई बोलल्या. "तो बत्ता घोटाले मी दोन दिवस पट्टा ओढला. खांदा अजून दुखून राहिला. जस्तासाठी मी खांदा काढतो काय? तुमी मोजलं कसं ते आमच्या समोर करून दाखवा. मंग आमी जातो."

मला हुरूप आला. करून दाखवायचं म्हटलं की मास्तर माणसाचा अपराधीपणा जरा कमी होतो. मी तराजू पुढे ओढला आणि वृत्तचिती उचलली.

"थांबा," गोमाजी म्हणाले. "आधी रिकामा काटा दाखवा."

दाखवला. दोन्ही पारडी अगदी समान. वजन केलं, दोनशे सत्तेचाळीस. त्यांनी मान हलवली. मी व्हर्नियर घेतला.

"थांबा. ह्याचाही रिकामा काटा दाखवा."

मी हसलो. "गोमाजी, हा तराजू नाही. यानं लांबी मोजतात."

"मोजते ना? मंग कायी नसताना काय मोजते ते दाखवा."

आता इथे वाचकांनी थोडं थांबावं आणि माझी दया करावी. कारण हीच गोष्ट, अगदी हीच, मी दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहायचो. तिला शून्यत्रुटी म्हणतात. जबडे पूर्ण मिटवले की मापन शून्य यायला हवं. आलं नाही, तर जे येतं ते प्रत्येक मापातून वजा करायचं. मुलं ते प्रयोगवहीत उतरवून घ्यायची आणि खाली लिहायची, ‘शून्यत्रुटी : नाही’. जबडे मिटवून कोणी पाहायचं नाही, कारण आदल्या वर्षीच्या वहीत ‘नाही’ असायचं, आणि त्या वहीत ते त्याच्या आदल्या वर्षीच्या वहीतून आलेलं असायचं. असं मागे मागे गेलं की शेवटी माझी वही लागते. आणि त्या दिवशीच्या माझ्या कागदावरही पहिल्याच ओळीत, सुवाच्य अक्षरात, न पाहता लिहिलेलं होतं, ‘शून्यत्रुटी : नाही’.

मी जबडे मिटवले. मापन वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"किती?" गोमाजी म्हणाले.

"शून्य पूर्णांक बारा."

"मनजे?"

"म्हणजे काही नसतानाही हा थोडं मोजतो. आणि मी न पाहताच ‘नाही’ लिहून मोकळा झालो."

मी जबडे उजेडाकडे धरले. आतल्या बाजूंना चंदेरी, जाडजूड, गुळगुळीत थर बसला होता. मी तुलारामकडे पाहिलं. तो अभिमानानं पुढे आला.

"रंग हाये सर. दर इन्स्पेक्शनले दोन हात मारतो. तुमीच मनले होते ना, प्रयोगशाळेतली एकही वस्तू बिनरंगाची दिसू नये मनून? आकड्यायवर नाही मारला. आकडे झाकले की तुमी रागावता. जबड्यायले चांगला आतूनबाहेरून मारला. चार वर्षं झाली, एक पोपडा नाही निघाला!"

मी म्हणालो होतो. दर वर्षी म्हणालो होतो. चार इन्स्पेक्शनचे आठ थर त्या चिमट्यात बसले होते आणि त्या चार वर्षांत ज्या मुलांची उत्तरं पुस्तकाशी जुळली नाहीत त्यांच्या उत्तरांभोवती मी तांबड्या शाईनं गोल काढले होते. ती मुलं आता कुठेकुठे नोकरीला आहेत. भेटली की नमस्कार करतात. मी नजर चुकवतो ती म्हातारपणामुळे, असं त्यांना वाटतं.

खडू घेतला. दोन पूर्णांक बासष्टमधून बारा शतांश गेले, अडीच. सहा पूर्णांक बारामधून गेले, सहा. म्हणजे गोमाजींनी माप सढळसुद्धा ठेवलं नव्हतं, मी सांगितलं होतं तेवढंच तंतोतंत होतं. घनफळ एकोणतीस पूर्णांक सेहेचाळीस. घनता आठ पूर्णांक अडतीस.

"मनजे आमच्या पितळेत खोट नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या, "तुमच्या चिमट्यात हाये."

"हो."

"मंग तो चिमटा घ्या अन् चला," गोमाजी उठले. "इथं चार भिंतीत मले सांगून काय फायदा? मले तं माहीतच होतं. जिथं बोलले तिथं चला."

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या भर वेळी आम्ही निघालो. पुढे गोमाजी, मागे सत्यभामाबाई, मग सायकलच्या कॅरिअरला तराजू बांधून मी, आणि सगळ्यात मागे फळी घेऊन तुलाराम, कारण खडूनं लिहायला काहीतरी हवं होतं. वऱ्हाडाला शोभेल अशी ही मिरवणूक केशवरावांच्या पायरीशी थांबली तेव्हा बाकीच्या दोन दुकानांचे मालकही गल्ल्यावरून उठून आले.

मी सगळं पुन्हा केलं. वजन, व्यास, लांबी. मग बारा शतांश वजा केले. केशवरावांनी हात वर केला.

"हे वजा कायले?"

"शून्यत्रुटी आहे. चिमट्याचीच चूक आहे, ती काढून टाकायची."

"वा! आमी वजनातून असं वजा केलं तं चोरी, अन् तुमी केलं तं गणित?"

लोक हसले. मी समजावलं, दोनदा समजावलं, आकृती काढली. जितकं समजावलं तितका मी गोमाजींकडून काही घेऊन आल्यासारखा दिसू लागलो. शेवटी गोमाजींनी मला बाजूला सारलं आणि दुकानातल्या मोठ्या काट्याकडे बोट केलं. त्याच्या डाव्या पारड्याखाली चिंधीत गुंडाळलेला एक खडा दोरीनं बांधलेला होता.

"शेठ, हे काय हाये?"

"पासंग. डावं पारडं हलकं हाये मनून बांधला. तुमाले माहीत नाही काय? तीस वर्षांपासून पाहून राहिले."

"तसंच हाये हे. मास्तरच्या चिमट्याचा पासंग. यायनं बांधलाच नोता."

केशवरावांनी खड्याकडे पाहिलं, व्हर्नियरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पासंग! मंग असं सांगा ना मास्तर. अर्धा तास झाला तोंड चालवून राहिले."

चार वर्षं मला जे मुलांना शिकवता आलं नव्हतं ते गोमाजींनी एका खड्यावर शिकवलं. मी फळीवर उत्तर लिहिलं, आठ पूर्णांक अडतीस, आणि खाली दोन रेघा मारल्या.

"पण तुमी त्या दिवशी पूर्णांक चार मनले होते," केशवराव म्हणाले. व्यापारी तो व्यापारी. "मनजे चाळीस. दोन कमीच हाये की."

मी तोंड उघडण्याआधी सत्यभामाबाईंनी खांदा पुढे केला. "ते दोन इथं गेले शेठजी. पट्टा ओढता ओढता. परत पाह्यजे असन तं सांगा."

ते हसणं पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं असावं. केशवरावांनी आतून मोडीचं पोतं ओढून आणायला सांगितलं आणि माझ्याकडे न पाहता गोमाजींना म्हणाले, "ऐकलं ते मी मास्तरचं ऐकलं. टिचकी मारून पाहाले पाह्यजे होतं." बाजारात याहून मोठी माफी कोणी मागत नसे. बाकीच्या दोन्ही दुकानदारांनीही मान हलवली आणि उद्या माणूस पाठवतो म्हणाले.

पोतं काट्याशी आलं. गोमाजी नेहमीसारखे म्हणाले, "रिकामा काटा दाखवा जी." काटा उचलला गेला. गोमाजींनी तिकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, आज तुमी पाहा."

मी वाकलो, काट्याची सुई नीट न्याहाळली आणि म्हणालो, "बरोबर आहे."

"नीट पाहाजा. न पाहता ‘नाही’ लिहू नका."

बाजारात माझं नाव साडेसात मास्तर पडलं आणि ते बरीच वर्षं टिकलं. तालुक्यातल्या शाळांच्या वृत्तचित्या गोमाजींनीच केल्या, चौदा, सगळ्यांवर तीन ठिपके आणि रेघ. तुलाराम जबडे खरवडायला निघाला होता, मी हात धरला. त्यानं मनावर घेतलं असतं तर पोलादही उरलं नसतं. व्हर्नियर तसाच ठेवला, त्याला पुन्हा रंग लावायची मनाई केली आणि भिंतीवर लिहिलं, ‘बारा शतांश वजा करा’. दर वर्षी जूनमध्ये मी पासंगाचा खडा घेऊन वर्गात जायचो.

पंच्याऐंशी साली गोमाजींनी भट्टी बंद केली. घरोघर स्टील आलं होतं आणि सत्यभामाबाईंचा खांदा आता उचलत नव्हता. त्याच उन्हाळ्यात एकदा ते शाळेत आले. म्हणाले, बत्ता पाहाचा हाये. मी कपाटातून काढून दिला. त्यांनी टिचकी मारली, डोळे मिटले, बराच वेळ कान दिला.

"तसाच हाये," ते म्हणाले. मग चंदेरी व्हर्नियरकडे हनुवटीनं दाखवलं. "अन् हा?"

मी जबडे मिटवून त्यांच्यापुढे धरले. "हाही तसाच."

"मंग चालते," असं म्हणून ते तुलारामच्या हातचा चहा प्यायला बसले. पेला स्टीलचा होता. त्यांनी टिचकी मारली नाही.